आतून पुसू नये

१

सोमवारी सकाळी दुकानाचं शटर वर केलं तेव्हा आधी वाटलं, माझ्याच चष्म्यावर वाफ धरलीय. चष्मा काढला, पुसला, परत लावला. पण वाफ चष्म्यावर नव्हती. दुकानाचे मालक ओकित्सु मास्तर यांच्या हिरव्या ट्रकच्या सगळ्या काचा पांढऱ्या झाल्या होत्या.

ट्रक खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्श्याचा, म्हणजे दीड वीत लांब. आमच्या दुकानात सुटे भाग जोडून करायच्या छोट्या गाड्यांच्या किटचे खोके छतापर्यंत रचलेले आहेत; जोडलेल्या गाड्याही दीडशेच्या वर असतील. पण हा ट्रक गल्ल्यामागच्या फळीवर, अ‍ॅक्रिलिकच्या कपाटात, एकटा उभा असतो. शनिवारपर्यंत त्याच्या पुढच्या काचेतून आतला ड्रायव्हर दिसायचा, पांढरे हातमोजे घातलेला, डोळ्यांत बुबुळंसुद्धा रंगवलेली. आता म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरावा तसा सगळा ट्रक आंधळा झाला होता.

मग मला बोटं दिसली.

कपाटाच्या दर्शनी काचेवर, डाव्या कोपऱ्यात, चार पांढरी बोटं. लहान मुलाची. आणि बोटांची टोकं खाली होती. वरून कुणी उलटं लटकून काचेवर हात टेकावा, तशी.

घरात चार वर्षांचं मूल असलं की खिशात ओलं कापड लागतंच. मी हात लांबवून काच पुसली. कापड स्वच्छच राहिलं आणि बोटंही जागच्या जागी राहिली. ती आतून होती. कपाटाला कुलूप होतं आणि मागच्या दाराच्या फटीवर, कडेपासून कडेपर्यंत, रंगकामाची पिवळी कागदी टेप नव्याने चिकटवलेली होती.

माझ्या मागे कोतोहा बालवाडीची पिशवी गळ्यात अडकवून उभी होती. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"तुला काल सांगितलं होतं ना, आई," ती म्हणाली.

सांगितलं होतं, हे खरं. रविवारी दुपारी तीनला, सगळ्या पाहुण्यांच्या देखत. आणि मी तिला गप्प बसवलं होतं.

२

रविवारी मास्तरांचा एकोणपन्नासावा दिवस होता. गेलेला माणूस त्या दिवसापर्यंत घराच्या आसपास असतो आणि मग जातो, असं आमच्याकडे मानतात. भिक्षू येऊन मंत्र म्हणून गेले. नंतर डबे उघडून आम्ही जेवलो. आम्ही म्हणजे मास्तरांच्या पत्नी फुमिए-सान, त्यांचा पुतण्या तेत्सुरो, मास्तरांच्या छोट्या गाड्या जोडणाऱ्यांच्या क्लबमधले सगळ्यांत जुने हान्झावा-सान, आणि मी नि कोतोहा. मी त्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहते. नवरा ट्रकवर असतो, महिन्यातून सहा दिवस घरी. मास्तर आजारी पडल्यापासून दुकानाचा गल्ला मीच बघते.

जेवणानंतर एकेकजण मागच्या खोलीत जाऊन घरच्या बुद्धवेदीसमोर उदबत्ती लावून आला. कपाटाची एकुलती एक किल्ली त्या वेदीच्या खालच्या खणात असते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. वेदीत दोन फोटो आहेत. एक मास्तरांचा. दुसरा काळा-पांढरा, मोकळ्या केसांच्या पाच वर्षांच्या मुलीचा. त्यांची चिआकी. छत्तीस हिवाळ्यांपूर्वी तापाने गेली. मास्तर तेव्हा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे. ते पोहोचले तेव्हा सगळं संपलं होतं. नंतर त्यांनी ट्रक सोडला, हे दुकान मोठं केलं, आणि आपला तोच हिरवा ट्रक दीड वितीचा करून कपाटात ठेवला.

तीनच्या सुमाराला कोतोहा दुकानातून धावत आली आणि म्हणाली, "ट्रकमध्ये एक मुलगी बसलीय. लाल टोपीवाली."

फुमिए-सानच्या हातातला चहाचा ट्रे खाली पडला. त्यांच्या अंगठ्याला उदबत्तीने भाजलं होतं, पट्टी बांधली होती, त्यामुळे निसटला म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा मी पाहिला. मी चेहरे पाहत असते, सवयच आहे. तो दुखल्याचा चेहरा नव्हता.

मी कोतोहाला कोपऱ्यात नेऊन दटावलं. अशा दिवशी, अशा घरात, असलं बोलतात का.

आणि सोमवारी ही बोटं. दुपारी सगळे परत जमले, तोवर चार बोटांच्या वर तळवा उमटला होता. सकाळी नव्हता, याची मी शपथ घेते. कुणीतरी आतल्या बाजूने हळूहळू हात टेकत होतं.

हान्झावा-सान बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, यात भूतबीत काही नाही. कुणीतरी ट्रकची काच झटपट सुकणाऱ्या गोंदाने चिकटवली आणि कपाट बंद केलं. त्या गोंदाची वाफ कोंडली की पारदर्शक भाग पांढरे पडतात, आणि काचेवर कधी कुणाचा हात लागला असेल तर तोही पांढरा होऊन वर येतो. क्लबमधलं शेंबडं पोरही काचेला तो गोंद लावत नाही.

हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. अर्धं मिनिट.

"म्हणजे आत लहान मुलाचा हात लागलाय," तेत्सुरो म्हणाला. त्याने खोलीभर नजर फिरवली. फार फिरवावी लागली नाही. "या घरात लहान मुलं कितीयत?"

पुढचं त्याने सावकाश, एकेक बोट मोडत सांगितलं. मुलीने किल्ली घेतली, कपाट उघडलं, ट्रक मोडला. आईने गुपचूप चिकटवला. आणि आळ येऊ नये म्हणून मुलगी भुताच्या गोष्टी सांगत सुटली. मग काकूकडे वळून म्हणाला, अशा भाडेकरूंना महिनाअखेर मोकळं केलेलं बरं.

मी फुमिए-सानकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

त्यानंतर मी जे केलं ते लिहायला लाज वाटते. मी गुडघ्यांवर बसले, कपाळ चटईला टेकवलं, आणि एका हाताने कोतोहाचं डोकं खाली दाबलं. माफी माग म्हटलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मागितली.

त्यानंतर ती बोलायची बंद झाली. माझ्याशी, बालवाडीत, कुणाशीच.

३

बुधवारी इसोबे-सान आल्या. त्या दर बुधवारी येतात. एका कारखान्यात तीस वर्षं किटमधले पारदर्शक भाग तपासायचं काम केलेलं. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी अजून पांढरे सुती हातमोजे घालून फिरतात. किट विकत घेतात, घरी नेऊन भाग मोजतात, उजेडासमोर धरून बघतात आणि खोका परत बंद करून ठेवतात. घरी असे चारशे खोके आहेत म्हणे. मास्तर त्यांना चिडवायचे की बाई, एकदा तरी जोडा काहीतरी. त्या म्हणायच्या, जोडलं की चुका झाकल्या जातात.

त्यांनी कपाट पाहिलं. मग गल्ल्याखाली बसून खडूने रेघा ओढणाऱ्या कोतोहाकडे पाहिलं, आणि माझ्याकडे.

"किती दिवस झोपली नाहीस गं?"

मी सगळं सांगितलं. डोकं दाबलं तेही. त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी एवढंच विचारलं की तू चिकटवलास का ट्रक. मी नाही म्हटलं. कोतोहाने हात लावला असेल का? मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले.

"माहीत नाही," मी म्हटलं. माझ्याच मुलीबद्दल.

"बरं झालं खरं बोललीस," इसोबे-सान म्हणाल्या. "आता तिलाच विचारू. तोंडाने नको."

पिशवीतून त्यांनी अ‍ॅक्रिलिकचा एक कोरा तुकडा काढला आणि कोतोहासमोर धरला. कोतोहाने खडू ठेवला, हात एप्रनला पुसला आणि तळवा टेकवला. इसोबे-साननी तो तुकडा कपाटाच्या काचेशेजारी, उलटा करून धरला.

बोटं बोटांइतकी. तळवा तळव्याइतका. अगदी तेवढाच.



४

इसोबे-साननी मात्र तुकडा पिशवीत टाकला. म्हणाल्या, चार-पाच वर्षांच्या कुठल्याही पोराचा हात एवढाच असतो, त्यावरून काही ठरत नाही. आधी गोंद लावणारा शोधू.

हान्झावा-सानना मी फोन केला. ते दहा मिनिटांत सायकलवर आले. मे महिन्याच्या प्रदर्शनात त्यांना हा ट्रक मास्तरांची आठवण म्हणून मांडायचा होता. फुमिए-साननी दोनदा नकार दिला होता. म्हणजे किल्ली घेऊन ट्रक काढायचं कारण त्यांच्याकडे होतं, आणि इसोबे-साननी ते तोंडावर सांगितलं. चोरीच्या संशयाचं त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही. पण काच तुम्ही चिकटवली का, असं विचारल्यावर त्यांचे कान लाल झाले.

"मी? काचेला झटपट गोंद?" ते म्हणाले. "इसोबे-सान, माझ्यावर खुनाचा आळ घ्या, पण हा घेऊ नका."

काचेला पांढरा, पाण्याने पुसला जाणारा गोंद लावतात, त्याची वाफ होत नाही, हे त्यांनी मला तीनदा समजावलं.  इतका अपमान झाल्याचं सोंग कुणाला जमत नाही, असं मला वाटलं.

तेत्सुरो संध्याकाळी पाचला आला, गाडी दारातच लावून. दुकान बंद करून जागा रिकामी करायची त्याची घाई लपलेली नाही. ट्रक हा त्या घाईतला मोठा अडथळा. तो आहे तोवर काकू हलणार नाही. त्याने इसोबे-सानच्या प्रश्नांना उभ्या उभ्या उत्तरं दिली. गोंदाची नळी तर प्रत्येकाच्या घरी असते. आपल्याला या खेळण्यांतलं काही कळत नाही. कळून घ्यायचंही नाही. बोलताना त्याने एक किटचा खोका उघडून पाहिला आणि झाकण तसंच बाजूला टाकलं. मग तो गेला. मागे दुकानाचं सरकतं दार सताड उघडं.

मी उठून दार लावलं, झाकण बसवलं. वळले तर इसोबे-सान माझ्याकडेच पाहत होत्या.

"तो नेहमी असंच करतो?"

नेहमी. मास्तर त्याच्या मागे ओरडत जायचे की धूळ येते, धूळ. रंग ओला असताना एक कण बसला तर महिन्याची मेहनत वाया.

"आता त्या टेपकडे बघ," त्या म्हणाल्या. "कडेपासून कडेपर्यंत. एक सुरकुती नाही. कोपऱ्यात दुमडलीय. जन्मभर धुळीशी भांडलेल्या घरातला हात आहे तो. तेत्सुरोला हे सुचणार नाही. पण गोंद? गोंद अगदी अडाण्याने लावलाय. हान्झावाकडून ते व्हायचं नाही. म्हणजे आपल्याला असा माणूस हवा की ज्याला धूळ माहीत आहे आणि गोंद माहीत नाही. ज्याने हे काम चाळीस वर्षं शेजारून पाहिलं, पण स्वतःच्या हाताने कधी केलं नाही."

 गल्ल्यावर बसून शेजारून बघणारी मी पण आहेच की. मी तसं म्हटलं.

त्या हसल्या. "तुझ्या खिशात काय आहे?"

मी ओलं कापड काढलं.

"तू कपाट उघडलं असतंस तर आधी आतून पुसून काढलं असतंस. डाग दिसला की तुझा हात थांबत नाही. मग कुठला हात वर येणार होता?" त्या कपाटाच्या मागे वाकल्या. तिथे मास्तरांच्या अक्षरात एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली आहे, 'आतून पुसू नये.' तिच्याकडे आम्ही कुणी कधी लक्ष दिलं नव्हतं. अ‍ॅक्रिलिकवर कापडाने ओरखडे येतात, मास्तर असल्या बाबतीत फार चिकित्सक, एवढंच.

इसोबे-साननी ती चिठ्ठी दोनदा वाचली.

५

"मिनोरी, हात पुढे कर," त्या मला म्हणाल्या. "दार मागे आहे. मागून हात घालून, ट्रकच्या वरून, पुढच्या काचेपर्यंत पोहोच. आता बोटं खाली सोड. काचेला काय लागतं?"

मी हवेत करून पाहिलं. लांब केलेल्या हातापुढे बोटं खाली लोंबली. तळवा माझ्याकडे आला. काचेला लागली असती ती हाताची मागची बाजू.

"तळवा लाव."

लागेना. मनगट पिळून पाहिलं, खांदा वाकडा केला. बोटं वर असली तर तळवा सहज टेकतो. बोटं खाली ठेवून नाही. त्यातून ट्रक तळाच्या पाटाला पक्का बसवलेला, आणि काच नि ट्रक यांच्यामध्ये जेमतेम दोन बोटं जागा.

"या कपाटात हात घालून कुणालाच हा ठसा उमटवता येणार नाही," इसोबे-सान म्हणाल्या. "कोतोहालाही नाही. तुझ्या मुलीने हात लावलेला नाही."

त्यांनी ते अगदी साध्या आवाजात सांगितलं, पारदर्शक भाग तपासून बाजूला ठेवावा तसं. गल्ल्याखाली खडू चालायचा थांबला. मी खाली वाकून पाहिलं नाही. पाहण्याचं धैर्य नव्हतं.

पण मग अंगावर काटा आला. कारण हात तर होता. आता अंगठाही स्पष्ट झाला होता. दार बंद, आत जागा नाही, बाहेरून कुणाला जमणार नाही, आणि लहानशी पाच बोटं खाली करून कुणीतरी काचेला हात लावला होता. मी विचारलं, मग आत कोण आहे?

"चुकीचं विचारतेस. कोण नाही. कधी?" इसोबे-सान म्हणाल्या. "हान्झावा, हे कपाट कुणी केलं?"

हान्झावा-सान किटचे खोके लावत उभे होते. मास्तरांनीच केलं, ते म्हणाले. काच एकच, मोठ्या तक्त्यातून कापलेली. त्यावरचा संरक्षक कागद त्यांनी या चटईवर बसून सोलला होता. आपण तेव्हा कॉलेजात होतो, मदतीला आलो होतो. केव्हाची गोष्ट? ते बोटांवर मोजायला लागले आणि अर्ध्यावर थांबले.

"शरद ऋतू होता," ते हळूच म्हणाले. "चिआकी-चान होती तेव्हा. ट्रक व्हायचा होता अजून, आधी घर बांधलं म्हणून आम्ही मास्तरांना हसत होतो. ती सारखी मध्ये मध्ये येत होती. हातात सेंबेई." खारट, तेलकट तांदळाची ती बिस्किटं. "काच भिंतीला टेकून ठेवली होती. मग बसवताना..."

"बसवताना फिरली," इसोबे-सान म्हणाल्या. "खालची बाजू वर गेली."

 बाहेर पावसाची बारीक झड चालू होती आणि दुकानातल्या दीडशे गाड्यांच्या दीडशे काचांमध्ये आम्हा तिघांचे चेहरे दिसत होते.

"फुमिए-सानना चहाला बोलव," त्या म्हणाल्या. "त्यांच्या अंगठ्याची पट्टी अजून आहे का?"

होती.

६

फुमिए-सान गल्ल्यासमोरच्या स्टुलावर बसल्या. कपाटाकडे त्यांनी पाठ केली नाही. गेले तीन दिवस त्या घडीघडी दुकानात येऊन कपाटासमोर बसायच्या. ही मास्तर गेल्याची हुरहुर असावी, असं मी समजत होते.

इसोबे-साननी आपले हातमोजे काढले. मी पहिल्यांदाच त्यांचे उघडे हात पाहिले. त्यांनी फुमिए-सानचा अंगठा हातात घेतला आणि पट्टी सोडवली. भाजल्याची खूण नव्हती. कातडीवर गोंदाचा कडक, पांढरा पापुद्रा होता. सोलून काढताना कडेची कातडी निघाली होती.

"लाल टोपी चिआकी-चानच्या बालवाडीची ना?" इसोबे-साननी विचारलं.

फुमिए-साननी मान हलवली. मग सांगितलं. फार जोर न देता, भाजी कशी केली ते सांगावं तसं. ट्रक पूर्ण झाला त्या वर्षी मास्तरांनी दोन माणसं केली होती. एक ड्रायव्हर, एक लाल टोपीतली मुलगी. जिवंतपणी चिआकी सारखी म्हणायची, बाबा, मला ट्रकमधून न्या. कंपनीचा नियम होता, केबिनमध्ये मूल नको. पुढच्या वर्षी नेतो, म्हणायचे. म्हणून मुलीची बाहुली केली खरी, पण बाजूच्या सीटवर ती बसवणं त्यांच्याने कधी झालं नाही. मला काय अधिकार आहे, म्हणाले. छत्तीस वर्षं ती वेदीच्या खणात, कापसात होती.

"रविवारी ते जाणार होते," फुमिए-सान म्हणाल्या. "एकटेच जाणार परत? मला वाटलं, या खेपेला तरी तिला घेऊन जावं."

तुम्ही सगळे जेवत होतात, त्या म्हणाल्या. ट्रक पाटासकट मागून बाहेर घेतला, त्याची पुढची काच काढली, बाहुली बसवली, आणि काच परत बसेना.  स्वयंपाकघरातली गोंदाची नळी आणली, निम्मी ओतली. मग दार लावून टेप मारली, कारण दार उघडं राहिलं तर ते ओरडतील, धूळ, धूळ.

"आणि सोमवारी तो हात आला." त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. "हान्झावा म्हणाला, गोंद आहे. असेल गोंद. पण हात तिचा होता. मला माहीत आहे ना तिचा हात. ती आली होती, मी बोलावलं म्हणून. मी तोंड उघडलं असतं तर तुम्ही कपाट उघडलं असतं, पुसलं असतं. मला ते पुसू द्यायचं नव्हतं, मिनोरी-सान. तुझ्या मुलीचं डोकं तू खाली दाबलंस ते मी पाहिलं. आणि तरी मी बोलले नाही."

मला राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण मला तोच हात आठवला, कोतोहाच्या डोक्यावरचा, माझा स्वतःचा.

इसोबे-सान म्हणाल्या, "रविवारी ती आलेली नाही, फुमिए-सान."

फुमिए-सान ताठ बसल्या. मला वाटलं, हे सांगू नये. जे आहे ते राहू द्यावं. पण इसोबे-सान तीस वर्षं खोट असलेला भाग बाजूला काढणाऱ्या बाई. त्या थांबल्या नाहीत. मनगट वळत नाही इथपासून सेंबेईपर्यंत, भिंतीला टेकलेल्या आणि फिरून बसलेल्या काचेपर्यंत, त्यांनी सगळं क्रमाने सांगितलं.

"तिचाच हात आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "पण त्या शरदातला. तुम्ही आणलेला नाही. इथेच होता, रोज. तुमच्या गोंदाने फक्त दिसायला लागला."

मग त्यांनी फुमिए-सानना हाताला धरून उठवलं आणि कपाटाच्या मागे नेलं. चिठ्ठीसमोर.

फुमिए-साननी मास्तरांचं अक्षर वाचलं. मी त्यांना दर शनिवारी हे कपाट बाहेरून पुसताना पाहिलं होतं. त्याआधी पस्तीस वर्षं मास्तर पुसायचे. बाहेरूनच.

"त्यांना माहीत होतं," फुमिए-सान म्हणाल्या. "आणि मला सांगितलं नाही त्या माणसाने."

त्या रडत होत्या की हसत होत्या, ते मला त्यांच्या पाठीवरून कळलं नाही.

७

गुरुवारी तेत्सुरोला फुमिए-साननी स्वतः फोन केला. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. मुद्दामच वर गेले. खाली आले तर त्या म्हणाल्या, खोल्या तुझ्याच आहेत, आणि पुतण्याला येता-जाता दार लावून घ्यायला शिकवलंय.

हान्झावा-साननी केबिनच्या काचा घासून, लकाकी देऊन परत पारदर्शक केल्या. दोन दिवस लागले. दर्शनी काचेच्या आतल्या बाजूला त्यांनी बोटही लागू दिलं नाही. ट्रक मागच्या दारातून, श्वास धरून काढला आणि ठेवला. आता ड्रायव्हरशेजारी लाल टोपी दिसते. मुलगी समोर बघत नाहीये. मास्तरांनी तिची मान उजवीकडे वळलेली केली होती, बाबांकडे.

शुक्रवारी फुमिए-सान कोतोहासमोर चटईवर बसल्या आणि त्यांनी डोकं टेकवून माफी मागितली. मग मी त्यांच्या शेजारी बसले आणि माझं डोकं टेकवलं. तुझं खरं होतं, म्हटलं. मी ऐकलं नाही.

कोतोहाने आम्हा दोघींच्या डोक्यांकडे जरा वेळ पाहिलं असावं. मग माझ्या केसांवर तिचा हात आला.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?" मी खालीच तोंड ठेवून विचारलं.

"लपाछपी चालली होती ना," ती म्हणाली. "बोलले असते तर ती सापडली असती."

कुणाशी चालली होती लपाछपी, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, याचा विचार मी अजून करते.

ती गल्ल्यामागच्या स्टुलावर चढली आणि तिने कपाटाच्या काचेवर, बाहेरून, त्या पांढऱ्या हाताशेजारी आपला तळवा टेकवला. सकाळचा जॅम बोटांना होताच. हात काढला तेव्हा काचेवर पाच चिकट बोटं उमटली होती, टोकं वर. शेजारी दुसरी पाच, टोकं खाली.

माझा हात खिशात गेला. कापड ओलं होतं, घडी नीट होती.

ते मी तसंच राहू दिलं.